'लालसिंग चढ्ढा' : एका नटाच्या चढ्या पट्टीने अख्खा सिनेमा हातचा जातो का?

वळचण (धागाकर्ती)

परवा 'लालसिंग चढ्ढा' तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा ऑगस्ट २०२२मध्ये थिएटरात, आईसोबत. दुसऱ्यांदा त्याच वर्षी ऑक्टोबरात नेटफ्लिक्सवर आला तेव्हा, एकटीने. न आवडलेला सिनेमा कुणी तीनदा बघत नाही. मला हा सिनेमा मनापासून आवडून घ्यायचा आहे आणि दर वेळी एकच माणूस आडवा येतो, आमिर खान. म्हणून हा धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४च्या 'फॉरेस्ट गम्प'चं हे अधिकृत हिंदी रूप. बुद्धीने थोडा मागे, मनाने निर्मळ असा एक शीख माणूस रेल्वेच्या डब्यात गोलगप्पे घेऊन बसलाय आणि समोरच्या प्रवाशांना आपली गोष्ट सांगतोय. त्या गोष्टीत १९८४ची दिल्ली आहे, कारगिल आहे, लहानपणापासूनची मैत्रीण रूपा आहे, आणि या सगळ्यातून धावत जाणारा लाल आहे.

आधी जमेच्या बाजू लिहिते. पटकथा अतुल कुलकर्णीची. आपला 'नटरंग'मधला गुणा. त्याने अमेरिकन गोष्ट नुसती उचलून पंजाबात ठेवलेली नाही, इथल्या मातीत रुजवली आहे. दंगल पेटली की लालची आई त्याला सांगते, बाहेर मलेरिया पसरलाय, घराबाहेर पडू नकोस. पुढे लाल मोठा होतो, देशात कुठे ना कुठे आग लागतच राहते, आणि त्याच्या लेखी तो मलेरियाच असतो. त्या एका शब्दात आईची भीती आहे, शहाणपण आहे आणि आपल्या डोळ्यांदेखत गेलेली कित्येक वर्षं आहेत. मूळ सिनेमात हे नाही. हे इथलं आहे.

आणि तो केस कापायचा प्रसंग. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांना शोधून शोधून मारताहेत. आई काचेचा तुकडा घेते आणि आपल्याच मुलाचे केस कापते. शिखाच्या घरात केसांचं काय मोल असतं हे तिला ठाऊक आहे, आणि मुलाला काय चाललंय याचा पत्ता नाही. मोना सिंगने ते ज्या तऱ्हेने केलंय, त्या वेळी माझ्या आईने शेजारच्या खुर्चीतून माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की सिनेमा संपल्यावरही तिथे लाल होतं.

मग मोठा लाल गोष्टीत येतो आणि पट्टी बदलते.

डोळे सतत ताणलेले. मान किंचित कलती. आणि वाक्यामागून वाक्य, शेपटाला तो 'हम्म'. आनंद झाला, हम्म. सैन्यात गेला, हम्म. प्रेम सांगितलं, हम्म. मध्यंतराच्या आसपास आमच्या पुढच्या रांगेतली दोन पोरं तो 'हम्म' आमिरच्या आधी म्हणायला लागली होती. ती टवाळ पोरं नव्हती. तो कुठे येणार हे त्यांना कळायला लागलं होतं, एवढंच. नटाची लकब प्रेक्षकाला आधीच कळायला लागली की पात्र संपतं, नट तेवढा उरतो.

माझा मुद्दा असा. या गोष्टीची सगळी ताकद विरोधात आहे. जग उलथंपालथं होतंय आणि मधोमध एक माणूस आहे, ज्याच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूसही नाही. मूळ सिनेमातल्या फॉरेस्टचा, टॉम हँक्सचा चेहरा आठवा. तो काहीच 'करत' नाही, म्हणून त्याच्या मागचं व्हिएतनाम आपल्याला दिसतं. पुढे त्याला कळतं की समोर बसलेला छोटा मुलगा आपला आहे. हँक्स एक पाऊल मागे सरकतो. मुलगा हुशार आहे, की... एवढं विचारतो आणि पुढचा शब्द त्याच्या तोंडून फुटत नाही, हात स्वतःकडे जातो. दोन तास न हललेला चेहरा तिथे हलतो आणि आपण कोसळतो. ती शिल्लक त्याने साठवून ठेवलेली असते. आमिरने पहिल्याच डब्यातल्या दृश्यात सगळी खर्चून टाकली. मुलाच्या भेटीपर्यंत मी पोचले तेव्हा माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

भडक अभिनयाचं मला वावडं नाही. याच दिग्दर्शकाच्या, अद्वैत चंदनच्या, 'सीक्रेट सुपरस्टार'मध्ये (२०१७) आमिर याहून कितीतरी भडक होता. तो शक्ती कुमार म्हणजे नुसता रंगांचा आणि तोऱ्याचा माणूस. तिथे ते शोभलं, कारण सिनेमा झायरा वसीमच्या खांद्यावर होता आणि हा अधूनमधून येऊन जायचा. लोणचं ताटात डावीकडे हवंच. इथे मात्र भाताच्या जागी लोणचं वाढलंय.

तुमचं मत लिहा. पटलं नाही तर जास्त सविस्तर लिहा.

काळी_चार

साफ असहमत. पडलेल्या सिनेमाचं खापर एका नटावर फोडणं फार सोपं असतं.

पहिली गोष्ट, हा सिनेमा लोकांनी पाहायच्या आधीच पडला होता. बहिष्काराची मोहीम आठवते ना? मी पहिल्या रविवारी गेलो तेव्हा अर्धं थिएटर रिकामं होतं. जे आलेच नाहीत त्यांना आमिरचा 'हम्म' कसा खटकला असेल?

दुसरी गोष्ट तुमच्या मुद्द्याच्या मुळाशी जाते. तुम्ही म्हणता, कोरा चेहरा हवा होता. फॉरेस्टला कोरा चेहरा परवडतो. त्याच्या देशात जे घडतं ते बरंचसं त्याच्या बाजूने निघून जातं. लाल तसा नाही. ज्या मुलाचे केस त्याच्या आईने भर रस्त्यात काचेने कापले, त्याच्या अंगावरून इतिहास गेलाय. तो हँक्ससारखा शांत कसा राहील? ताणलेले डोळे, मान, तो आवाज, हे सगळं मला तरी दचकलेल्या मुलाचं वाटलं. दंगलीतून वाचलेलं पोर जन्मभर थोडं दचकलेलं राहतं. आमिरने हँक्सची नक्कल केली असती तर याच धाग्यावर 'नक्कल केली' म्हणून शंभर प्रतिसाद आले असते.

तिसरं, दुसऱ्या अर्ध्यातलं रूपाचं कथानक. मुंबई, सिनेमात जायचं स्वप्न, गुंडाच्या तावडीत सापडणं. तो भाग कागदावरच पातळ आहे. तिथे सिनेमा बसतो तो पटकथेमुळे, नटामुळे नाही.

वळचण

काळी_चार, दचकलेलं मूल हा मुद्दा मला खरंच सुचला नव्हता. पण तुमचं मान्य केलं तर माझी तक्रार उलट वाढते. दचकलेलं मूल डोळे विस्फारून सगळ्यांशी मोकळेपणी गप्पा मारतं का? ते गप्प होतं. केस कापल्यानंतरचा लाल आणि त्या आधीचा लाल यांत मला मोठेपणी काहीच फरक दिसला नाही.

याच सिनेमात मानव विज आहे. कारगिलमध्ये लाल ज्याला शत्रू आहे हे न कळता उचलून आणतो तो मोहम्मद. पाय गमावलेला, ज्यांच्यासाठी लढला त्यांच्यावरचा विश्वास उडालेला. त्याचा राग, लाज, पुढे लालबद्दल वाटणारी माया, सगळं तो जवळजवळ न हलता दाखवतो. त्या दोघांच्या दृश्यांत माझी नजर आपोआप मोहम्मदकडे जायची. नायक समोर बोलतोय आणि मी ऐकणाऱ्याकडे बघतेय.

रूपाच्या भागाबद्दल सहमत. तो पातळ आहे.

निळी_छत्री

वाचून दोन दिवस गप्प बसले. आता लिहिते.

माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. तो 'हम्म' करतो. अगदी तसाच. वाक्याच्या शेवटी, कधी मधेच, कधी नुसताच. मानही कलती ठेवतो. आम्ही बसमध्ये बसलो की लोक वळून बघतात, पोरं नक्कल करतात. वळचण, तुमच्या पुढच्या रांगेतल्या मुलांबद्दल वाचलं तेव्हा मला थिएटर आठवलं नाही, आमची बस आठवली.

मी हा सिनेमा पाहिला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर नायकाने तो आवाज केला. तो सैन्यात गेला, त्याच्यावर कुणीतरी प्रेम केलं, त्याने घर चालवलं. तुम्हाला जे खटकलं ते मला घरचं वाटलं. 'अति झालं' असं तुम्ही म्हणता तेव्हा माझ्या मनात येतं, कुणाच्या हिशेबाने अति? माझं मूल जसं आहे तसं कुणी पडद्यावर केलं की ती ओव्हरॲक्टिंग आणि हँक्ससारखं नीटनेटकं केलं की अभिनय, असं आहे का?

रागाने लिहीत नाहीये. पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वळचण

ताई, आधी मनापासून माफी. त्या पोरांचा प्रसंग मी सहज लिहून गेले, तो तुमच्या बाजूने कसा वाचला जाईल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तो आवाज करणारा माणूस खटकतो असं मला म्हणायचं नव्हतं. माझं बोट नटाच्या निवडीवर आहे. पण ते मी नीट मांडलेलं नाही हे खरं.

एक विचारू का? उत्तर द्यावंसं वाटलं तरच द्या. तुमचा मुलगा हम्म करतो तो दर वेळी सारखाच असतो का?

निळी_छत्री

नाही. अजिबात नाही.

मिक्सर लावला की तो बारीक आणि सलग करतो, कान झाकून. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी एक वेगळा असतो, वाट बघण्याचा. बाबा दारात आले की एकदम वरचा, जवळजवळ गाण्यासारखा. झोपायच्या आधी इतका खोल आणि संथ की माझा हात त्याच्या पाठीवर असला तर ऐकू येण्याआधी हाताला कळतो. मी दुसऱ्या खोलीतून नुसता आवाज ऐकून सांगू शकते त्याचं काय चाललंय.

तुम्ही का विचारलंत ते लिहिता लिहिता कळलं मला.

बाराखडी

मी विशेष मुलांच्या शाळेत सोळा वर्षं शिकवते. निळी_छत्री ताईंनी जे लिहिलं त्याच्यापुढे लिहायला फारसं काही उरत नाही, तरी एक भर.

लकब ही या मुलांची भाषा असते. आमच्याकडे नवीन शिक्षिका आली की पहिले सहा महिने तिला सगळ्या मुलांचे हातवारे सारखेच दिसतात. नंतर ती वाचायला शिकते. हात झटकणं भुकेचं कुठलं, भीतीचं कुठलं, मजेचं कुठलं. आमिरचा लाल बघताना मला त्या पहिल्या सहा महिन्यांतली शिक्षिका आठवली. बाहेरचं सगळं बरोबर टिपलंय, वाचलेलं नाही. म्हणून ते 'अति' वाटतं. जास्त केल्यामुळे नाही, एकच केल्यामुळे.

२०२५मध्ये 'सितारे ज़मीन पर' आला. त्यात अशा दहा कलाकारांनी स्वतः कामं केली आहेत. त्यातल्या कितीतरी जणांचे हावभाव लालपेक्षा मोठे आहेत, आवाज मोठे आहेत. आमच्या शाळेतल्या पालकांना घेऊन आम्ही गेलो होतो, कुणालाही ते जास्त वाटलं नाही. आमिर त्याच सिनेमात शेजारी उभा राहून साधा, थोडा चिडका कोच करतो आणि छान करतो.

तिसरी_घंटा

राज्य नाट्य स्पर्धेत पंचवीस वर्षं घालवलेला माणूस म्हणून थोडं मोठ्या पट्टीच्या बाजूने बोलतो, कारण या चर्चेत 'कमी म्हणजे चांगलं' हे गृहीत धरलं जातंय आणि ते मला मान्य नाही.

आमच्याकडे नटाला पहिला धडा मिळतो तो शेवटच्या रांगेचा. भुवई उचललेली तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून खांदा उचलावा लागतो. त्याला नाटकी म्हणून हिणवायचं कारण नाही. 'नटसम्राट'चा सिनेमा आला १ जानेवारी २०१६ला. नाना पाटेकर किती मोठ्याने खेळलाय! पण गणपतराव बेलवलकर हा नटच आहे. चाळीस वर्षं रंगमंचावर गेलेला माणूस घरात चहा मागतानाही स्वगत म्हटल्यासारखाच मागणार. पट्टी पात्रातून येते. आणि तिथेही इस्पितळाच्या खाटेवरचा विक्रम गोखले बघा. नानाच्या कृष्णासमोर त्यांचा कर्ण. दोघांचा आवाज लागतो, दोघंही पूर्ण रंगभूमीचे, आणि तरी गोखले खाटेवर आहेत, मरायला टेकलेत, हे एका क्षणालाही विसरता येत नाही.

तेव्हा आमिर मोठ्याने खेळला हा दोष नव्हे. मोठ्याने खेळताना त्याच्या पात्राचं शरीर कुठून आलं हे त्याने शोधलं नाही, हा दोष. २०१४च्या 'पीके'मध्ये त्याने असेच डोळे ताणले होते, पापणी न लववता. तिथे तो परग्रहावरून आलेला होता, चाललं. त्या आधी 'धूम ३'मधल्या जुळ्या भावांतला एक आठवा. तिन्ही एका रांगेत ठेवलेत तर दिसेल की लालला स्वतःचं अंग मिळालेलंच नाही. त्याला जुने कपडे घातलेत.

आणि गंमत नव्हे, दुःख आहे हे: ज्याने हे लिहिलं त्या अतुल कुलकर्णीनेच दाखवून दिलंय की हे कसं करायचं. 'नटरंग'मध्ये पैलवान गड्याचा नाच्या होतो. मराठी सिनेमात घसरायला याहून सोपी जागा नाही. कंबर, मनगट, मान, एकेक लकब त्याने मोजून घेतली आणि घरी बायकोसमोर आल्यावर ती लपवायचा प्रयत्न करणारा गुणाही दाखवला. लकब आहे आणि लकबीशी झगडणारा माणूस आहे. लालच्या आत असा कुणी झगडताना दिसला नाही.

उन्हाळी_सुट्टी

मला आवडला. खूप रडलो. माझी आई नुकतीच गेली होती, आणि लालची आई त्याला निरोप देते तो भाग मला एकट्याने बघवला नाही. हम्म आला की नाही ते आठवतही नाही. सगळ्यांनाच तो हम्म ऐकू आला असं नाही, एवढंच सांगायचंय.

गोदाकाठ_नांदेड

आमचं घर गुरुद्वाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. अर्धे मित्र पगडीवाले, घरी पंजाबी आणि बाहेर अस्सल नांदेडी मराठी बोलणारे. आम्ही सात-आठ जण मिळून गेलो होतो.

केसांच्या प्रसंगाला आमची अख्खी रांग स्तब्ध. माझ्या शेजारी बसलेल्या मित्राचे आजोबा तेव्हा दिल्लीत होते. तो काही बोलला नाही, उठून बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी परत आला.

आणि त्याच मित्राची बाहेर आल्यावरची तक्रार वळचण यांच्यापेक्षा साधी होती: 'अरे, आमच्यात असं कुणी बोलत नाही.' लालची पंजाबी त्याला ओढूनताणून केलेली वाटली. हिंदी वाक्याला पंजाबी झालर लावलेली. त्याचं म्हणणं, खरी पंजाबी घाईची असते, शब्द एकमेकांवर पडतात. हा प्रत्येक शब्द सुटा करून, वर ठेका देऊन बोलतो. आधीच पात्राला एक लकब, तिच्यावर बोलीची दुसरी लकब, आणि पन्नाशी ओलांडलेल्या नटाला कॉलेजातला पोरगा दाखवायची तिसरी कसरत. एवढी ओझी घेऊन धावणार कसा?

वयावरून आठवलं. मोना सिंग आमिरपेक्षा सोळा वर्षांनी लहान आहे. 'थ्री इडियट्स'मध्ये त्याच्या मेव्हणीच्या जागी होती, इथे आई. आणि ती त्याची आई आहे हे मला एकदाही खोटं वाटलं नाही.

कातर

मी संकलन करते, मालिका आणि दोन-तीन मराठी सिनेमे. लोक विचारतात, एडिटिंगमध्ये नाही का सुधारता येत? बऱ्याचदा येतं. दुय्यम पात्र जास्त करत असेल तर आम्ही त्याच्यावरून कॅमेरा हटवतो, ऐकणाऱ्याचा चेहरा लावतो, संवाद मागून वाजू देतो. वाक्याच्या शेवटचा श्वास कापतो. प्रेक्षकाला कळतही नाही की नट वाचवला.

इथे ते करायला जागाच नाही. लाल प्रत्येक प्रसंगात आहे, आणि जिथे तो दिसत नाही तिथे निवेदन त्याच्याच आवाजात आहे. चेहरा कापला तरी आवाज राहतो. अडीच तासांहून मोठा सिनेमा आणि त्यातून पळायला वाट नाही. नटाने पट्टी ठरवली की संकलकाचे हात बांधले जातात.

म्हणून माझा रोख नटापेक्षा सेटवर आहे. कुणीतरी तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं चित्रीकरण बघून म्हणायला हवं होतं, 'अर्ध्यावर आणा.' आता बघा. नायक आमिर, निर्मिती आमिरची, आणि दिग्दर्शक अद्वैत चंदन पूर्वी आमिरचा मॅनेजर होता. अद्वैत गुणी आहे, 'सीक्रेट सुपरस्टार' बघितलेल्या कुणालाही ते माहीत आहे. पण अशा मांडणीत 'अर्ध्यावर आणा' म्हणणं कुणालाही अवघड जातं. मी याहून कितीतरी छोट्या कामात नाही म्हणू शकलेले नाही. एका सिनेमाच्या नायकाचा प्रत्येक संवाद वरच्या पट्टीत होता, मला पहिल्या आठवड्यात दिसलं होतं, आणि पैसे त्याच्याच घरचे होते म्हणून मी तोंड उघडलं नाही. तो सिनेमा आला आणि गेला. मला अजून टोचतं.

काळी_चार

कातर यांचा प्रतिसाद वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. आमिरचा दोष नाही असं म्हणत होतो, आता म्हणतो, एकट्या आमिरचा नाही. एक सांगा, हँक्सला तरी त्याची पट्टी आपोआप सापडली का? नाही. लहानपणच्या फॉरेस्टचं काम करणाऱ्या मुलाचं बोलणं मुळातच तसं हेल काढून होतं आणि हँक्सने त्या मुलाचा हेल उचलला. मोठ्या नटाने लहान पोराकडून घेतलं. त्यामुळे मोठा फॉरेस्ट हा त्याच मुलाचा वाढलेला माणूस वाटतो.

इथे लहान लालचं काम अहमद इब्न उमरने काय सुंदर केलंय! शांत, थोडा हरवलेला, डोळ्यांत सगळं. तो मोठा होऊन आमिरचा लाल होईल असं मला कधीच वाटलं नाही. इतके दिवस मी तुमच्याशी वाद घालतोय, पण हे खरं आहे. ते दोघं वेगवेगळे मुलगे आहेत.

बहिष्काराच्या मलेरियाबद्दल मात्र मी ठाम आहे. सिनेमा पडला त्याची कारणं बाहेरची जास्त आहेत.

वळचण

सिनेमा पडणं आणि सिनेमा बिघडणं या दोन गोष्टी आहेत, काळी_चार. गल्ल्याबद्दल मी धाग्यात एक अक्षर लिहिलेलं नाही. बहिष्कारामुळे ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यावर माझा राग वेगळा आहे. मी बोलतेय ते आम्ही जे तिकीट काढून, आवडायच्या तयारीने बसलो होतो त्यांच्याबद्दल.

लहान लालचा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात. तिसऱ्यांदा बघताना मला नेमका तोच सांधा खटकत होता, शब्द सापडत नव्हते.

सांजवात

एवढी चर्चा झाली आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. नंतरच्या मुलाखतींत आमिरने स्वतःच मान्य केलंय की या सिनेमात त्याचा अभिनय वरच्या पट्टीत गेला आणि हा सिनेमा बराचसा नायकाच्या कामावरच उभा होता. एवढ्या मोठ्या नटाने हे उघडपणे म्हणावं याचा मला आदर वाटला. आपल्याकडे अपयशाला पाऊस, क्रिकेट, परीक्षा अशी शंभर कारणं मिळतात.

तिसरी_घंटा

आदर मलाही आहे. पण 'वरच्या पट्टीत' हे अजूनही अर्धंच निदान आहे. सगळं पेटीच्या काळी चार पट्टीवरून खालच्या काळी एकवर आणलं असतं आणि तरीही एकच सूर लावून धरला असता, तर? बाराखडी ताईंनी म्हटलं तेच. 'सरफरोश', 'दिल चाहता है', 'तलाश', किती संयत काम आहे या माणसाचं. त्याला कमी करता येत नाही असं कुणी म्हणू नये.

निळी_छत्री

काल लेकाला घेऊन सिनेमा परत लावला. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हटलं ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारू.

केस कापतात तिथे तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला, दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर. आवाज नाही, काही नाही. पुढे लहान लालच्या पायांना लावलेले आधार धावता धावता निखळून पडतात, तिथे तोही हॉलमध्ये धावला. दारापासून गॅलरीपर्यंत. परत लाव म्हणाला. चार वेळा लावलं. मोठा लाल आला आणि हम्म करायला लागला तेव्हा मी याच्याकडेच बघत होते. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रिमोट उचलून पुन्हा त्या लहान मुलाच्या धावण्यावर गेला.

पाचव्यांदा मीही धावले त्याच्यासोबत. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या होत्या विचारायला.